दात बघणारी बाई

शाळेनं मला विज्ञान शिकवायला घेतलं होतं, पण गावानं मला ओळखलं ते दात बघणारी बाई म्हणून. बाजारात एखादी बाई शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायची, "ते पाय, दात पाहनारी बाई," आणि दोघीही लगेच पदर तोंडाला लावायच्या. डॉक्टरांना लोक नमस्कार करतात, पुढाऱ्यांना हार घालतात. माझ्या वाट्याला पदराआडची तोंडं आली. आता निवृत्त झाल्यावर कोणी विचारलं की बाई, नोकरीत काय मिळवलं, तर मी पेन्शन म्हणते आणि विषय बदलते. दिवाळी अंकाच्या संपादकांपुढे मात्र विषय बदलता आला नाही.

गाव तुमसर तालुक्यातलं, नाकाडोंगरीच्या पुढे, एका अंगाला जंगल आणि दुसऱ्या अंगाला मॅंगनीजची खाण. नाव लिहीत नाही. माझं माहेर लाखनीचं आणि यजमान जवाहरनगरला नोकरीत. आठवडाभर मी गावात खोली करून राहायची आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.नं क्वार्टरवर जायची. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. गावात पुरुष खाणीवर आणि धानाच्या बांधीत, तर बाया घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत. तेंदूपत्ता जंगलातला आणि तंबाखू ठेकेदाराची. घराघरातून तंबाखूचा असा वास यायचा की नव्या माणसाला शिंका आवरत नसत. आठ दिवसांनी तो वास येईनासा होतो. मलाही येईनासा झाला, आणि याची मला नंतर भीती वाटली.

तेव्हा शाळेत व्यसन म्हटलं की मास्तरांच्या डोळ्यांपुढे फक्त मुलगे येत. मुताऱ्यांमागे बिडी ओढणारे आणि लग्नात मोहाची दारू चाखणारे. तपासणीची पद्धत सोपी होती. पी.टी.चे सर मुलांची बोटं हुंगत, वास आला की दोन रूळ देत आणि सांगत, "जा, बापाले घेऊन ये." एकदा असाच एक बाप आला. हेडमास्तरांपुढे उकिडवा बसला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कानावरची बिडी काढून पेटवली आणि म्हणाला, "गुर्जी, आमच्या समोर नाही पीत ना जी तो. लाज हाय त्याले." आम्ही शिक्षकांनी तोंडं फिरवून हसू दाबलं.

पण बापाला आणायला गेलेले किती तरी मुलगे परत आलेच नाहीत. बाप म्हणायचा, इथवर आलाच आहेस तर चल कामावर. शाळेची तपासणी म्हणजे मोठ्या भोकांची चाळणी झाली होती. खडे काढायला गेलो की तांदूळच खाली सांडत. जो मुलगा लवकर सापडायचा, तो लवकर सुटायचा, शाळेतूनच. हे मी हेडमास्तरांना बोलून दाखवलं. हेडमास्तर गायधने सर. सज्जन माणूस, पांढरं धोतर, आवाज देवळातल्या घंटेसारखा. ते म्हणाले, "बाई, तुमचं पटते. मग तुम्ही मुली घ्या. मुलींत तसंही काही निघणार नाही."

मुलींत काय निघालं ते सांगते.

आमच्याकडे गुडाखू नावाची एक वस्तू मिळायची. तंबाखूची भुकटी गुळाच्या काकवीत मळून केलेला काळा चिकट लेप, लहानशा डबीत. बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांवर घासायचा. डोकं हलकं होतं, भूक मरते, झोप उडते. पहाटे उठून बिड्या वळायच्या असतील तर तिन्ही गोष्टी उपयोगाच्या. गावातल्या बाया सर्रास घासायच्या, अगदी घरोघरी मातीच्या चुली. पण याला कोणी व्यसन म्हणत नसे. याला दात घासणं म्हणत. दाढ दुखली म्हणून एकदा माय पोरीच्या हिरडीला लावून देई, आणि दाढ राहिली बाजूला, पोरीला डबी लागून जाई.

प्रार्थनेनंतर नखं, दात, केस बघायचा शाळेचा जुना रिवाज होताच. मी फक्त दातांपाशी जरा जास्त थांबू लागले. हिरडीलगत काळसर रेघ दिसायची. खालचा ओठ दुमडून बघितला तर आतली कातडी पांढुरकी आणि पाण्यात भिजलेल्या बोटासारखी सुरकुतलेली. पण दातांपेक्षा वेळ जास्त सांगायची. प्रार्थनेत जी पोरगी घामेजून मटकन खाली बसते, तिनं नुकतीच जास्त घासली आहे. तिसऱ्या तासाला जी चिडचिडते, पोट दुखतं म्हणते, पुन्हा पुन्हा पाणी प्यायला जाऊ द्या म्हणते, तिची उतरली आहे. बाकीचे शिक्षक म्हणत, उपाशी आली असेल. तेही खरंच असायचं. उपाशी असते म्हणून घासते, घासते म्हणून जेवत नाही.

विचारायचं कसं, हे शिकायला मला वर्ष लागलं. "घेतेस का गं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही. मग मी विचारू लागले, "सकाळी चक्कर येते का?" चक्कर येणं हा गुन्हा नव्हता. पोरगी हो म्हणायची आणि हळूहळू बाकीचं सांगायची. दुसरा नियम मी स्वतःशी केला होता. चार जणींसमोर विचारायचं नाही, नावं घ्यायची नाहीत, आणि मायबापाला शाळेत बोलवायचं नाही. आपण त्यांच्या घरी जायचं, सुपाजवळ बसायचं आणि पहिल्या दिवशी भलत्याच गोष्टी बोलून परत यायचं.

अंगात उत्साह संचारला की माणूस दुकानदाराला उपदेश करायला जातो. मीही गेले. भैयालाल शेठ म्हणून एक किराणावाले होते. म्हटलं, लेकरांना गुडाखू विकू नका. शेठनं हात जोडले. "बाई, मी लेकरायले कायले विकीन? मी त्यायच्या मायले विकतो. फक्त न्यायले लेकरं येतेत." मी साबण घेतला आणि घरी आले.

हिरकन सातवीत होती. खाणीवरच्या एका मजुराची मुलगी, आई फुलवंताबाई बिड्या वळणारी. हिरकनला गणित असं यायचं की गणिताच्या सरांना ती वर्गात नसली की करमत नसे. पहिल्यांदा मी तिला पकडलं ते दातांवरून नाही. तिच्या कंपासपेटीत एक कुंकवाची डबी होती, आणि कपाळ मात्र कोरं. उघडली तर आत गुडाखू. मी नळाकडे नेऊन विचारलं, "चक्कर येते का गं?" ती म्हणाली, "नाही येत, बाई. आता सवय झाली." एवढं सरळ उत्तर मला कधीच कोणी दिलं नव्हतं.

तिच्या गल्लीतली एकही मुलगी सातवीपुढे गेली नव्हती. हिरकन जाणार होती, कारण तिच्यामागे एक भक्कम गोष्ट होती. तिच्या मामाच्या मुलाशी तिचं लहानपणापासून बोललेलं होतं, आणि मामानं सांगितलं होतं की आमचा मुलगा शिकतो आहे, पोरगीही मॅट्रिक होऊ द्या, मग उरकू. मामाच्या त्या एका शब्दावर तिची शाळा उभी होती. ती मॅट्रिक व्हावी, भंडाऱ्याला जाऊन मास्तरीण व्हावी, असं माझ्या मनात होतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. ती माझ्यासारखी साडीची निरी धरून चालायची, परकर नेसलेला असूनही.

फुलवंताबाईंच्या सुपाजवळ मी कितीदा बसले याला हिशेब नाही. बाई बोलायला मोकळी. म्हणाली, "मले माझ्या सासूनं लावून देल्ली. हिले म्या लावून देल्ली. दाढ दुखत होती, रात्रभर रडे पोरगी. मंग दाढ थांबली, पन डबी लागून गेली." मी म्हटलं, सोडवूया. तर म्हणते, "सोडवा ना. पन बाई, ते घेतल्याबिगर सकाळी तिचे हात नाही चालत. बिड्या कोन वळन?" याचं उत्तर माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तीच आपणहून म्हणाली, "जाऊ द्या. तिच्या वाट्याच्या मी वळतो. शिकून राहिली तं शिकू द्या."

मग आमचं सुरू झालं. सकाळी शाळेआधी हिरकन माझ्या खोलीवर यायची. कोमट पाण्यात मीठ टाकून चुळा, कडूनिंबाची काडी आणि मूठभर फुटाणे. हात डबीकडे गेला की फुटाणे तोंडात टाकायचे, एवढाच माझा औषधोपचार. डबी एकदम टाकायची नाही, बोट थोडं थोडं कमी बुडवायचं. पहिले दिवस वाईट गेले. ती माझ्यावर ओरडली, गणिताच्या वहीचं पान फाडलं, एकदा माझ्या दाराच्या चौकटीला डोकं टेकून नुसती रडली. पोळ्याच्या सुमाराला पुन्हा घासलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलंही. "काल घेतली, बाई. तुमी पाह्याच्या आधी मीच सांगतो." पण हिवाळा संपेपर्यंत डबी सुटली. भूक लागायला लागली. गालावर रंग आला. तिला पाहून आणखी दोघी-तिघी आपणहून माझ्या खोलीवर येऊ लागल्या. माझ्या नोकरीतले तेवढेच महिने मला सुखाचे वाटतात.

आता गायधने सरांबद्दल. या माणसाला एकच नाद होता, सत्काराचा. गावात पहिली एस.टी. आली तेव्हा त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरचा सत्कार केला, आणि गाडी उशिरा सुटली म्हणून पुढच्या गावचे लोक भांडायला आले. विहिरीला पाणी लागलं तर खणणाऱ्याचा सत्कार. त्यांच्या कपाटात नारळ आणि टॉवेल कायम तयार असायचा. यात खोट नव्हती. कौतुकानं माणूस चांगला होतो, असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि स्वतःच्या पगारातून ते हा खर्च करायचे.

पुढच्या वर्षी शाळेत नशाबंदीचा कार्यक्रम ठरला. तालुक्याचे साहेब येणार होते. व्यसन सोडलेल्या विद्यार्थ्याचा सत्कार करावा, असं सरांच्या मनात आलं. बिडी सोडलेला मुलगा शोधून सापडेना. एक सापडला, तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुतारीमागे सापडला. हिरकनचं मुलींच्या तोंडून शाळेत सगळ्यांना माहीत झालं होतंच. सर म्हणाले, "बाई, ह्या पोरीनं जे केलं ते मोठ्या माणसांना जमत नाही. गावासमोर आलं पाहिजे." मला काही वावगं वाटलं नाही. ज्या गावात बाईगणिक डबी आहे, तिथे डबी सोडलेल्या पोरीला कोण हसणार? हिरकनही खूश होती. फुलवंताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. मामाच्या गावची माणसंही आवर्जून आली होती. भाचीचं कौतुक होतं ना.

सरांनी तुमसरहून माइक आणवला होता. एक भोंगा शाळेवर आणि एक चिंचेच्या झाडावर, खाणीपर्यंत ऐकू जाईल असा. सर उभे राहिले आणि म्हणाले, "गुडाखूच्या घातक व्यसनाच्या दलदलीतून बाहेर पडलेली आपल्या शाळेची कन्या, कुमारी हिरकन!" साहेबांनी नारळ दिला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सर पुढे बराच वेळ बोलले. किती लहानपणी तिला हे व्यसन जडलं, तिची अवस्था कशी झाली होती, व्यसनी माणसाची विवेकबुद्धी कशी नष्ट होते. हिरकन नारळ दोन्ही हातांत धरून उभी होती. आधी ती हसत होती. मग तिनं मान खाली घातली. समोर बायांच्या रांगेत एकेक पदर तोंडावर चढत गेला आणि मला कळलं की काहीतरी चुकतं आहे. पण माइक सरांच्या हातात होता.

घराघरात जे होतं त्याला आजवर नाव नव्हतं. त्या दिवशी त्याला नाव मिळालं, आणि ते एकट्या हिरकनला चिकटलं. व्यसनी म्हणजे गटारात पडलेला दारुडा, एवढंच गावाला माहीत. त्या ओळीत आता एक मुलगी जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला "डबी" म्हणू लागली. गावच्या बायांनी तोंडातली गुडाखू थुंकून म्हटलं, बाई बाई, एवढ्याशा पोरीला व्यसन. आठवडाभरात मामीचा निरोप आला. व्यसनी पोरगी आम्हाला चालणार नाही, बोललेलं मोडलं समजा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आम्ही नारळ देऊन केलं.

गायधने सरांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "चला, आपण जाऊन सांगू." आम्ही दोघं मामाच्या गावी गेलो. मामानं खाट टाकली, चहा दिला, मान दिला. सरांनी सगळं समजावून सांगितलं. पोरगी हुशार आहे, तिनं सोडलं आहे, सोडणं ही मोठी गोष्ट आहे. मामी चौकटीत उभी राहून ऐकत होती. तिच्या दातांवरची रेघ मला ओसरीतून दिसत होती. मी ते बोलले असते तर घरातून हाकललं असतं आणि हिरकनची उरलीसुरली आशाही गेली असती, म्हणून कपातला चहा पीत राहिले. शेवटी मामा हात जोडून म्हणाला, "गुर्जी, तुमी खोटं कायले बोलान? पन तुमीच तं माइकवर सांगतलं. चार गावच्या लोकायनं आयकलं. आता तुमी घरी येऊन दुसरं सांगून राहिले." परतीच्या एस.टी.त सर खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

मामाचा शब्द गेला आणि शाळाही गेली. गोष्ट आणखी पसरायच्या आत उजवून टाकायचं, असं बापानं ठरवलं. मध्य प्रदेशच्या हद्दीतला एक बिजवर मिळाला, पहिली बायको वारलेली. मी घरी गेले तेव्हा बाप खाणीवर होता. फुलवंताबाई सुपाजवळ बसली होती, नेहमीसारखी, पण हात चालत नव्हते. मी म्हटलं, निदान ही परीक्षा होऊ द्या. ती म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग नाही. तुमी पोरीचं चांगलंच केलं. पन चांगलं केलं ते सांगाले कायले पायजे होतं?" मग कोनाड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो नारळ तसाच हाय. सत्काराचा नारळ फोडाचा का ठेवाचा, ते कोनी सांगतलं नाही आमाले."

हिरकन दारात उभी होती. मी बाहेर निघाले तशी माझ्यामागे नळापर्यंत आली. तिचे दात स्वच्छ होते, मी सवयीनं पाहिलेच. ती म्हणाली, "बाई, एक इचारू? आता घेतली तं चालते ना?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. गणितातली शंका विचारावी तसं विचारलं. घेऊ नको म्हणायला माझ्याजवळ एकही कारण उरलं नव्हतं. मॅट्रिक नाही, भंडारा नाही, मामाचं घर नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चालू लागले. लग्नाला मला बोलावलं होतं. मी गेले नाही.

पुढे शाळा चालू राहिली, जशी चालते. गायधने सरांनी कपाटातला नारळ मुलांत वाटून टाकला आणि पुन्हा कोणाचा सत्कार केला नाही. आपलं चुकलं असं ते उघड म्हणत नसत, पण कुठल्याही कार्यक्रमात माइक त्यांच्यापुढे आला की बाजूच्या माणसाकडे सरकवत. माझ्या खोलीवर येणाऱ्या त्या दोघी-तिघी यायच्या थांबल्या. फुटाण्यांच्या डब्यात किडे पडले. आता कुठे कुठे शाळांमधून व्यसनांची तपासणी आणि समुपदेशन सुरू झाल्याचं वाचते. चांगलं आहे. मला फक्त त्या तपासणीत सापडणाऱ्या मुलींची काळजी वाटते.

हिरकनच्या लग्नानंतरचा जून उजाडला, नवे वर्ग भरले. प्रार्थना झाली आणि मी पाचवीच्या मुलींच्या रांगेपाशी गेले. तिसरी की चौथी पोरगी, नवा कोरा फ्रॉक, तेल चोपडलेल्या वेण्या. मला तिची रेघ दिसली. अगदी अलीकडची, फिकट. अशीच सापडायला हवी असते, सहज सुटण्यासारखी. मी तिला बाजूला नेलं.

"सकाळी चक्कर येते का गं?"

तिनं मान हलवली. नाही.

"घाबरू नको. मी कोणाला सांगणार नाही."

ती म्हणाली, "माय म्हने, बाईले काही सांगजो नोको. सांगतलं तं सत्कार करतेत."

मी तिला रांगेत परत पाठवलं. बाकीच्या मुलींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि मी सांगायच्या आधीच हात पुढे केले होते. त्या दिवसापासून, बदली होईपर्यंत, मी नखं तेवढी बघत राहिले.